‘सब ठीक है, साब’

निवृत्त होऊन गावी आलो तेव्हा वेशीपासून घरापर्यंत उघड्या जीपमधून माझी मिरवणूक निघाली. सातारा जिल्ह्यात आता ही रीतच झाली आहे. ढोलताशा, फुलं, औक्षण आणि चौकात फ्लेक्स. फ्लेक्सवर माझ्या नावामागे ‘कॅप्टन’ छापलं होतं. फोटो मात्र खरा होता: खांद्यावर दोन स्टार आणि पट्टी, म्हणजे सुभेदार. कॅप्टनला तीन स्टार असतात. काही सुभेदारांना 26 जानेवारीला किंवा 15 ऑगस्टला मानद लेफ्टनंट, मानद कॅप्टन करतात. मला तो मान मिळाला नव्हता. फ्लेक्स करणाऱ्या पोरांच्या हे लक्षात आलं नाही. माझ्या पहिल्या नजरेत आलं. फ्लेक्स दहा दिवस चौकात होता आणि मी एकालाही टोकलं नाही.

ते खोटं मी लिहिलं नव्हतं. लिहिलेलं राहू दिलं, एवढंच. तीस वर्षांच्या नोकरीतली माझी सगळ्यात मोठी चूक याच जातीची आहे. फक्त तेव्हा पेन माझ्या हातात होतं.

1991 साली बेळगावला मराठा सेंटरमध्ये रंगरूट म्हणून दाखल झालो. पुढे शिपाई, लान्स नाईक, नाईक असं चढत गेलो. नाईक असताना बढतीच्या केडरमध्ये नकाशावाचनात नापास झालो. लहानपणी डोंगरात गुरं राखली होती, तेव्हा ‘आपल्याला डोंगर कळतो, कागद कशाला’ असा माज होता. उस्ताद शिकवत होते आणि मी मागे बसून पेंगत होतो. माझ्यामागून आलेली पोरं पुढे गेली. ती चूक स्वस्तात सुटली, कारण तिची किंमत मी एकट्यानेच मोजली.

2010 मध्ये मी कंपनी हवालदार मेजर, म्हणजे सीएचएम होतो. पलटण लडाखला होती. हे पद गावाकडच्या लोकांना कळत नाही. कंपनीत शंभरावर माणसं. त्यातला कोण ड्युटीवर, कोण छुट्टीवर, कोण आजारी, सगळा हिशेब सीएचएमच्या वहीत. संध्याकाळी कंपनी कमांडरना नफरी, म्हणजे माणसांची संख्या सांगायची आणि शेवटी म्हणायचं, ‘सब ठीक है, साब.’ हे वाक्य बोलायला मला फार आवडायचं. अमुक पोस्टवर दोन माणसं कमी आहेत, हे बोलताना जीभ जड व्हायची. कमी नफरी म्हणजे माझीच नालायकी, असं मीच ठरवून टाकलं होतं. साहेब तसं कधी म्हणाले नव्हते.

मराठवाड्याकडचा एक शिपाई दोन महिन्यांची छुट्टी संपवून परत आला. पंचविशीही गाठली नसेल. उंचावर जाण्याचा लष्कराचा नियम साधा आहे. नऊ ते बारा हजार फुटांवर सहा दिवस, बारा ते पंधरा हजारांवर चार दिवस आणि त्याहून वर जायचं तर आणखी चार. एकूण चौदा. पहिले दोन दिवस आराम, मग थोडं चालणं, मग चढ. आधी कितीही वेळा वर राहिलेला असो, दोन महिने खाली काढून आलेल्या माणसाचं शरीर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करतं. हे मी स्वतः रंगीत खडूने फळ्यावर काढून पोरांना शिकवायचो.

लेहचे सहा दिवस त्याने पुरे केले. आमच्या बेसला आल्यावर त्याचे चार दिवस व्हायला हवे होते. वरच्या पोस्टवर माणसं कमी होती. दुसऱ्या दिवशी मी त्याला विचारलं, ‘काय रे, फिट आहेस ना?’ सीएचएमने असं विचारल्यावर शिपाई दुसरं काय म्हणणार? ‘हो मेजर, एकदम फिट.’ तिसऱ्या दिवशी पहाटे त्याला राशनच्या पार्टीबरोबर वर धाडला आणि रजिस्टरमध्ये चार दिवस पूर्ण लिहिले. रात्री वायरलेसवर पोस्टला विचारलं, तर सब ठीक. मीही खाली सब ठीक म्हणालो.

दुसऱ्या रात्री त्याला कोरडा खोकला लागला. पोस्टवरून कळवलं तेव्हा मी म्हणालो, ‘छुट्टीची हवा लागलीय त्याला, काम सांगा, बरा होईल.’ हे माझे शब्द आहेत. आजही ते मला जसेच्या तसे आठवतात. पहाटेपर्यंत बसल्या जागी त्याला धाप लागत होती आणि थुंकीतून गुलाबी फेस येत होता. हापो. फुप्फुसात पाणी भरतं आणि माणूस कोरड्या जमिनीवर बुडतो. पोस्टवरच्या नर्सिंग असिस्टंटने माझ्या हुकमाची वाट न पाहता ऑक्सिजन लावला, त्याला हापो बॅगमध्ये झोपवून पायपंपाने हवा भरत राहिला आणि उजाडताच खाली उतरवला. पोरगा वाचला तो त्या असिस्टंटमुळे.

चौकशी झाली. रजिस्टरमध्ये चार दिवस होते, त्यामुळे प्रश्न फारसे आलेच नाहीत. पोराला विचारलं तेव्हा तो म्हणाला, ‘मला बरं वाटत होतं, मीच जातो म्हणालो.’ मी शेजारी सावधान उभा होतो. तोंड उघडायला माझ्याकडे पुरा अर्धा तास होता.

त्याची मेडिकल कॅटेगरी खाली आली. कॅटेगरी खाली आली की बढतीची वाट अडते. तो शिपाई म्हणूनच घरी गेला आणि आता एका बँकेच्या दारात गार्ड आहे. माझ्या कागदांवर डाग नव्हता. दोन वर्षांनी मी नायब सुभेदार, म्हणजे जेसीओ (ज्युनियर कमिशन्ड ऑफिसर) झालो. त्यानंतर मी चौदा दिवसांच्या बाबतीत इतका कडक झालो की पोरं माझ्यामागे मला ‘कॅलेंडर’ म्हणत. लोकांना ती माझी शिस्त वाटायची.

नर्सिंग असिस्टंटला मी कधी नीट धन्यवादही दिले नाहीत. त्याला पाहिलं की मी रस्ता बदलायचो.

गेल्या वर्षी त्या पोराचा फोन आला. पेन्शनच्या कागदात बायकोच्या नावात एका वेलांटीचा फरक होता. मी प्रतिज्ञापत्राचा मसुदा लिहून दिला, कुठे काय जोडायचं ते सांगितलं. फोन ठेवताना म्हणालो, ‘त्या वेळी माझं चुकलं रे.’ तो पटकन म्हणाला, ‘जाऊ द्या साहेब.’ मीही जाऊ दिलं. त्याला वाटतं, मी त्याला घाईने वर पाठवलं एवढंच. रजिस्टरचं त्याला माहीत नाही.

हे छापून आलं की अंक त्याला पोस्टाने पाठवणार आहे. फोनवर सांगायला गेलो तर तो मला पुरतं बोलू देणार नाही.