बॉयलर काढा, रेडिएटर राहू द्या

बॉस्टनच्या आसपास जुनं घर घेतलेल्या मराठी कुटुंबांचे फोन मला साधारण ऑक्टोबरात यायला लागतात. घर शंभर वर्षांचं असतं. तळघरात एक अवाढव्य लोखंडी धूड उभं असतं आणि वर प्रत्येक खोलीत खिडकीखाली रंगाचे पाच-सहा थर चढलेला रेडिएटर असतो. घर घेताना शाळा कशा आहेत ते पाहिलेलं असतं, स्टेशन किती लांब ते पाहिलेलं असतं. तळघरात मात्र कोणी दोन मिनिटं थांबलेलं नसतं. मग पहिला गारठा पडतो आणि फोन वाजतो. “काका, हे सगळं जुनं काढून टाकायचंय. किती खर्च येईल?”

खर्चाचं मी नंतर सांगतो. आधी सांगतो ते हे, की बॉयलर जरूर काढा, पण रेडिएटर राहू द्या. यावर बहुतेकांचे चेहरे उतरतात, कारण जागा अडवतात आणि डोळ्यांना खुपतात ते रेडिएटरच. मॅसॅच्युसेट्समध्ये मी आयुष्यभर हीटिंगचंच काम केलं आहे आणि या एका मुद्द्यावर गिऱ्हाईक गेलं तरी चालेल, अशी माझी तयारी असते. का, ते जरा सविस्तर सांगायला हवं.

ज्यांच्या घरी तांब्याचा बंब होता त्यांना हा बॉयलर समजायला वेळ लागत नाही. मध्ये जाळ, भोवती पाणी, वर धुराडं. मात्र इथे पाणी काढून वापरायचं नसतं. तेच ते पाणी नळांतून वर जातं, रेडिएटरमध्ये उष्णता सोडतं आणि परत खाली तापायला येतं. सुरुवातीच्या घरांत पंपसुद्धा नसे. तापलेलं पाणी हलकं होऊन वर चढायचं, गार झालेलं जड होऊन खाली उतरायचं आणि एवढ्यावर तीन मजली घर ऊबदार राहायचं. पाण्याला कुठे अडथळा होऊ नये म्हणून तळघरातले नळ तीन-तीन इंची असत. काही घरांत पाण्याऐवजी वाफ खेळवलेली असे. तिच्याकडे पुढे येतो.

रेडिएटर ही वस्तू मूळची रशियातली. १८५०च्या दशकात सेंट पीटर्सबर्गमध्ये फ्रान्झ सान-गाली या कारखानदाराने ती बनवली. अमेरिकेत ओतीव लोखंडाचे रेडिएटर घाऊक बनू लागले ते १८७०नंतर, आणि १८९२मध्ये काही कारखाने एकत्र येऊन अमेरिकन रेडिएटर कंपनी उभी राहिली. तिचा ‘रोकोको’ नावाचा वेलबुट्टीचा नमुना मला आजही कामावर भेटतो. रंगाचे थर उतरवले की खाली पाकळी न् पाकळी शाबूत असते. ज्याने तो साचा केला त्या कारागिराचं नाव मला ठाऊक नाही, याची मला दर वेळी हळहळ वाटते.

आता आकाराकडे या. हे रेडिएटर एवढे मोठे का? त्या काळच्या घरांच्या लाकडी भिंती आतून पोकळ, खिडक्यांना एकेरी काच, फटींतून वारा. त्यात १९१८ची इन्फ्लुएंझाची साथ आली. कोंदट हवेत रोग पसरतो, म्हणून थंडीतही खिडक्या उघड्या ठेवा, असा डॉक्टरांचा आणि आरोग्य खात्यांचा आग्रह होता. तेव्हाच्या इंजिनिअरांनी मग हिशेबच असा धरला की वर्षातला सगळ्यात थंड दिवस आहे, वारा सुटला आहे, खिडकी उघडी आहे, तरी खोली गरम राहिली पाहिजे. हा इतिहास आमच्या धंद्यातली माणसंही विसरून गेली होती. डॅन होलोहन यांच्या १९९२च्या ‘द लॉस्ट आर्ट ऑफ स्टीम हीटिंग’ या पुस्तकाने तो आम्हाला पुन्हा शिकवला. माझ्या हाताखाली नवा मुलगा आला की मी त्याला आधी ते पुस्तक देतो, पाना नंतर.

पुढे त्याच घरांच्या भिंतींत कागदाच्या चुऱ्याचं इन्शुलेशन भरलं गेलं, खिडक्यांना दुहेरी काचा आल्या, फटी बुजल्या. घराची उष्णतेची गरज निम्म्यावर आली आणि रेडिएटर तेवढेच राहिले. इथेच खरा फायदा दडलेला आहे. समजा एक रेडिएटर ८२ अंश सेल्सिअस सरासरी तापमानाच्या पाण्यावर २० अंशांच्या खोलीला पूर्ण क्षमतेने उष्णता देतो. आता त्याच्याकडून निम्मीच उष्णता हवी असेल, तर पाणी साधारण ५६ अंशांचं असलं तरी भागतं. आणि हे सगळ्यात थंड दिवसाचं झालं. नोव्हेंबरातल्या किंवा मार्चमधल्या साध्या थंडीत ते आणखी खाली आणता येतं.

याला एवढं महत्त्व का? आजचा कंडेन्सिंग बॉयलर नव्वद टक्क्यांच्या वर कार्यक्षमता देतो, पण परतीचं पाणी साधारण ५४ अंशांच्या खाली असेल तेव्हाच. तेवढं गार पाणी मिळालं तरच धुरातल्या वाफेचं आतल्या आत पाणी होतं आणि तिची उष्णता घराच्या पदरात पडते. पाणी तापवणाऱ्या हीट पंपालाही कमी तापमानच मानवतं. म्हणजे यंत्र आजचं आणि त्याला लागणारा मोठा, शांत, मंद तापणारा पृष्ठभाग मात्र शंभर वर्षांपूर्वी ओतून ठेवलेला. रेडिएटर भंगारात घालून भिंतीकडेने पातळ पत्र्याच्या पट्ट्या बसवल्या, की त्यांना ऊब द्यायला पुन्हा कढत पाणी लागतं. बॉयलर कागदावर पंचाण्णव टक्क्यांचा राहतो आणि घरात तेवढा कधीच चालत नाही. चांगले रेडिएटर भंगारवाल्याच्या ट्रकमध्ये आदळताना पाहिले की मला राग येतो, तो यासाठी.

वाफेच्या घरात मात्र जपून. वाफेची यंत्रणा अगदी किरकोळ दाबावर चालते. तिथे गरम पाणी खेळवायचं म्हटलं तर दाब कितीतरी वाढतो आणि जुने सांधे पाझरायला लागतात. शिवाय फक्त वाफेसाठी ओतलेल्या बऱ्याच रेडिएटरचे सेक्शन, म्हणजे उभे सुटे भाग, एकमेकांना तळाशीच जोडलेले असतात, तर पाण्यासाठीच्या रेडिएटरचे वर आणि खाली दोन्हीकडे. वाकून दोन सेक्शनच्या मधून वरच्या बाजूला पाहा. तिथे जोड दिसला नाही तर त्या रेडिएटरमध्ये पाणी फिरणार नाही. अशा घरात मी शक्यतो वाफच ठेवतो आणि बॉयलर तेवढा बदलतो.

आता काढायच्या गोष्टीकडे. जुना बॉयलर पाहिला की लोक म्हणतात, हे दारातून आत आलंच कसं? ते अखंड आलेलं नसतं. ओतीव लोखंडाचे सेक्शन एकेक करून तळघरात उतरवायचे, एकाला एक भिडवायचे आणि लांब सळ्यांनी आवळून त्यांचा बॉयलर करायचा, अशी ती रीत. खालचं दार उघडून पाहिलं तर कोळशाची जाळी बऱ्याचदा तशीच असते. पुढे त्याच पोटात तेलाचा बर्नर बसवला गेला, काही ठिकाणी त्यानंतर गॅसचा. कोळशासाठी घडवलेल्या पोटात दुसरं इंधन जाळलं की उष्णतेचा मोठा वाटा धुराड्यातून बाहेर जातो. म्हणून बॉयलर काढा म्हणतो, नाहीतर त्याच्याबद्दलही माझ्या मनात आदरच आहे.

पण हातोडा उचलण्याआधी ऍसबेस्टॉस. जुन्या बॉयलरवर जो पांढरा गिलावा दिसतो आणि नळांवर कॅनव्हासखाली जी पुठ्ठ्यासारखी पन्हाळीदार गुंडाळी दिसते, ती ऍसबेस्टॉसचीच आहे असं तपासणी होईपर्यंत धरून चालायचं. १९७५मध्ये अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने बॉयलरवर आणि नळांवर अशी ठिसूळ वेष्टनं नव्याने घालायला बंदी केली. आधी घातलेली जागेवरच राहिली. वेष्टन धड असेल आणि कोणी छेडत नसेल तर त्याच्यापासून फारसा धोका नसतो. धोका सुरू होतो तो आपण उत्साहाने झाडू मारतो तेव्हा. कोपऱ्यात पडलेला चुरा झाडू नका, घरच्या व्हॅक्यूम क्लीनरने ओढू नका. ते तंतू त्याच्या फिल्टरमधून पार होऊन घरभर उडतात. नमुना प्रयोगशाळेत जाऊ द्या आणि काम परवानाधारक माणसांनाच करू द्या. ते नळाभोवती हातमोजे जोडलेली प्लॅस्टिकची पिशवी बांधतात, आत साबणपाणी फवारून वेष्टन भिजवतात आणि ओलं असतानाच पिशवीच्या आत कापून काढतात. पाहायला हे काम कंटाळवाणं आहे, पण या कंटाळ्यातच सगळ्यांची फुफ्फुसं सुरक्षित राहतात.

बाहेरचं वेष्टन गेलं म्हणजे संपलं, असंही नाही. सेक्शनच्या फटींमध्ये जो दोर ठासलेला असतो तोही बऱ्याचदा ऍसबेस्टॉसचाच असतो. तो बाहेरून दिसत नाही, बॉयलर फोडल्यावर दिसतो. म्हणून नमुना घेताना मी फटीतलाही घ्यायला लावतो. ही गोष्ट स्वस्त बोली लावणारे सांगत नाहीत.

त्यानंतर मग जोर. आवळलेल्या सळ्या कापायच्या, दोन सेक्शनमध्ये पाचर ठोकायची आणि ते एकमेकांपासून सोडवायचे. शंभर वर्षं तापून-निवून एकजीव झालेले असतात. सुटले नाहीत तर फोडावे लागतात. ओतीव लोखंड वाकत नाही, तडकतं. ओलं जाड कांबळं वर टाकून मगच घण मारायचा, म्हणजे कपच्या उडत नाहीत. माझ्याबरोबर ब्राझीलहून आलेले दोघे भाऊ काम करतात. त्यातला थोरला आधी छोट्या हातोडीने ठिकठिकाणी वाजवून कान देतो. जिथे आवाज बद्द येतो तिथे आधीच बारीक तडा असतो. तो बरोबर तिथेच घाव घालतो आणि दोन-तीन घावांत सेक्शन मोकळा होतो. तुकडे जिन्यावरून वर नेताना एकाने वरून पट्टा धरायचा, दुसऱ्याने खालून. आणि ओझं सुटलं तर खाली कोणाचं शरीर सापडणार नाही अशा बाजूलाच उभं राहायचं. जिन्याच्या जुन्या लाकडी पायऱ्यांना मी त्याआधीच खालून टेकू देतो.

रेडिएटर ठेवायचा असला तरी भिंत रंगवायला किंवा जमीन घासायला तो तात्पुरता हलवावा लागतो. त्याच्या व्हॉल्व्हचं पितळी नट गंजून बसलेलं असतं. मोठा पाना लावून हिसडा मारला की नट तसंच राहतं आणि खालचा नळच पिळवटून तुटतो, तोही जमिनीच्या आत, जिथे हात पोचत नाही. त्यापेक्षा नटावर करवतीने तिरपा काप घ्यावा, पण खालच्या आट्यांना पातं लागण्याआधी थांबावं. मग कापात छिन्नी धरून एक टोला. नट उमलतं आणि आटे वाचतात. यंत्रणेतलं पाणी काढून टाकलं तरी रेडिएटरच्या पोटात काळं, शाईसारखं पाणी उरतंच. दोन्ही तोंडांना बूच मारल्याशिवाय तो आडवा करू नका; तो डाग लाकडी जमिनीतून निघत नाही. मोठा रेडिएटर दीडशे किलोपर्यंत भरतो. दोघांनी उचलायचा नाही, खाली प्लायवुड टाकून गाड्यावरून सरकवायचा.

बॉयलर गेला की घराच्या दोन सवयी मोडतात. एक म्हणजे तळघर गारठतं. इतकी वर्षं तो जुना गडी स्वतःच्या अंगातून गळणाऱ्या उष्णतेने तळघर कोरडं ठेवत होता. त्याच्या जागी भिंतीवर टांगायचं छोटं यंत्र आलं की पहिल्याच हिवाळ्यात वरच्या मजल्याची जमीन थंड लागते, आणि बाहेरच्या भिंतीलगतचा पाण्याचा नळ गोठूही शकतो. तळघराच्या कडांचं इन्शुलेशन म्हणूनच त्याच अंदाजपत्रकात धरायचं.

दुसरी गोष्ट जिवावर बेतणारी आहे. जुन्या चिमणीत बॉयलरचा धूर आणि आंघोळीचं पाणी तापवणाऱ्या गॅस हीटरचा धूर दोन्ही जात असतात. नवा बॉयलर आपला धूर प्लॅस्टिकच्या नळीने भिंतीतून बाहेर सोडतो. मग त्या भल्यामोठ्या विटांच्या चिमणीत एकटा छोटा हीटर उरतो. त्याच्या धुरात चिमणी तापवण्याएवढी धग नसते. धूर अर्ध्या वाटेत गार होतो, वाफेचं आम्लयुक्त पाणी विटांच्या सांध्यांत मुरतं आणि वाईट दिवशी कार्बन मोनॉक्साइडसह सगळा धूर उलटून तळघरात येतो. यावर सरळ उपाय दोन. चिमणीत योग्य व्यासाची धातूची नळी सोडायची, नाहीतर हीटरही विजेवरचा करायचा. बॉयलर बदलण्याची बोली देणाऱ्याने हीटरचा विषयच काढला नाही, तर त्याला काम देऊ नका.

उरली तेलाची टाकी. तळघरातली नेहमीची टाकी २७५ गॅलनची, म्हणजे हजार लिटरच्या वर. भरलेली असेल तर तेलाचंच वजन नऊशे किलोच्या आसपास. ती काढायला गावच्या अग्निशमन दलाचा परवाना लागतो. तेल उपसायचं, तळाचा चिकट गाळ निपटायचा आणि मगच टाकी हलवायची. पण टाकी गेली तरी बाहेरच्या भिंतीवर तेल भरायच्या नळाचं तोंड राहू शकतं. तेलवाल्याच्या यादीत जुना पत्ता राहतो किंवा शेजारचं घर समजून तो चुकून याच दाराशी येतो. नळाला पाइप लावतो, पंप सुरू करतो आणि शेकडो लिटर तेल रिकाम्या तळघरात ओततो. असे प्रकार इथे खरोखर झालेले आहेत. ते तेल काँक्रीटमध्ये आणि खालच्या मातीत शिरतं, आणि ते निपटण्याचा खर्च नव्या बॉयलरच्या कितीतरी पट होतो. म्हणून टाकी निघाली त्याच दिवशी भरायचा नळ आणि हवेचा नळ दोन्ही मुळापासून काढायचे, भिंतीतली भोकं सिमेंटने बुजवायची आणि तेल कंपनीला लेखी कळवून तिची पोच घरमालकाच्या हातात द्यायची. ती पोच मिळेपर्यंत मी शेवटचं बिल पाठवत नाही.