इशारा

इंदूरच्या एका धर्मादाय दवाखान्यासाठी मी सी भाषेत लहानशी आज्ञावली लिहिली होती. बालकाच्या वजनावरून औषधाची मात्रा काढणारे फलन तिच्यात होते. त्याचा मजकूर जागच्या जागी उतरवला जाऊन वेग वाढावा, म्हणून मी त्यास ‘इनलाइन’ हा शब्द जोडला. यंत्रभाषेत रूपांतर करताना कंपायलर काही इशारे देई. कटकट नको म्हणून मी ते बंद करून टाकले.

२०१५ साली जीसीसीची पाचवी आवृत्ती आली आणि तीच आज्ञावली जुळणीत अडली. शोध घेता उमगले, की शब्द एकच, अर्थ दोन! पूर्वी जीसीसी नुसत्या ‘इनलाइन’वरही फलनाची स्वतंत्र प्रत सिद्ध करी, १९९९ च्या प्रमाण सी भाषेत ती होत नाही, आणि नव्या आवृत्तीने तोच अर्थ स्वीकारला होता. आपल्या माळव्यातला शब्द पुण्यास गेल्यावर कधी कधी फसतो, तसेच हे. ‘स्टॅटिक इनलाइन’ लिहिताच दोन्हीकडे काम भागले.

खातरजमेसाठी तोच मजकूर मी क्लँग या दुसऱ्या कंपायलरला दिला. या खेपेस इशारे चालू ठेवून. त्याने दाखविले, की वजन ठरावीक मर्यादेखाली असल्यास मात्रेला किंमतच दिलेली नाही. म्हणजे तान्ह्या मुलासाठी येईल तो आकडा! अंगावर काटा आला. तेथील डॉक्टर प्रत्येक मात्रा स्वतः पडताळीत, म्हणूनच अनर्थ टळला.

तेव्हापासून मी इशारा मिटवीत नाही. त्याचे कारण मिटवितो.