पसरणीच्या घाटाआधी

रोड बाइक घ्यायची तर सुरुवात पैशांपासून करू नये, पायांपासून करावी. अनवाणी, भिंतीला पाठ टेकवून उभं राहायचं. जाड पुठ्ठ्याचं पुस्तक दोन पायांमध्ये आडवं धरून वर दाबायचं आणि त्याच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंतचं अंतर टेपनं मोजायचं. आमच्या वाईत या कामाला विश्वकोशाचा खंड सहज हाती येतो. तो ग्रंथ याच गावात रचला गेला, आणि इथल्या कित्येक घरांच्या कपाटांत त्याचे खंड आहेत. माझं माप ७१ सेंटीमीटर भरलं. त्याला ०.८८३ नं गुणलं की क्रँकच्या मध्यापासून सीटच्या माथ्यापर्यंतची उंची मिळते, माझ्यासाठी जवळजवळ ६३. तीन वेळा टूर द फ्रान्स जिंकलेल्या ग्रेग लेमाँडच्या नावानं हा गुणाकार ओळखला जातो. डोंगरामागून डोंगर चढलेल्या माणसाचा हिशेब पाच फूट एक इंच उंचीच्या शिक्षिकेलाही तसाच्या तसा लागू पडतो, याचा मला फार आनंद वाटला.

आमच्या लहानपणी सायकल माणसाच्या मापाची नसे, घराच्या मापाची असे. एकच काळी, उंच, दांडीची सायकल. तिच्यावरून दादा कॉलेजला जायचा, वडील शेतावर जायचे, दुधाच्या किटल्याही तिच्यावरूनच यायच्या. आम्ही मुलं नळीतून पाय घालून, अंग वाकडं करून ती चालवायचो. सीटवर बसायला मिळायचं ते दोन-चार इंच वाढल्यावर. सायकलीनं माणसाला बेतायचं, माणसानं सायकलीला नाही. त्या सायकलीविषयी मनात माया आहेच, पण आपल्या अंगाच्या मापाची सायकल असू शकते ही कल्पना माझ्या पिढीतल्या गावाकडच्या मुलींना कुणी दिलीच नव्हती. म्हणून ते ६३ सेंटीमीटर मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवले आणि मग पुण्याला दुकानं पालथी घालायला निघाले.

दुकानात आधी नजर जाते ती रंगावर आणि मग वजनावर. सायकल एका बोटावर उचलून दाखवण्याची तिथं पद्धत आहे. नवख्यांच्या रोड बाइक बहुतेक दहा-अकरा किलोंच्या. वीस किलोंच्या वर भरणाऱ्या घरच्या सायकलीनंतर तो हलकेपणा हाताला खरोखर सुखावतो. पण त्यापुढचा एकेक किलो कमी करायला जी रक्कम मोजावी लागते ती ऐकून मी वजनाचा विचार तिथंच सोडला. पाण्याची भरलेली एक बाटलीच पाऊण किलोची असते.

किमतींची शिडी खरं तर गिअरच्या नावांनी चढते. शिमानो ही जपानची जुनी कंपनी, १९२१ सालची. तिच्या रोड बाइकच्या सामानाच्या पायऱ्या सगळ्या दुकानदारांना तोंडपाठ असतात : टूर्नी, क्लॅरिस, सोरा, टियाग्रा. टूर्नीत मागे सात चकत्या, क्लॅरिसमध्ये आठ, सोरात नऊ, टियाग्रात दहा. साधारण पंचवीस-तीस हजारांपासून पहिली पायरी सुरू होते, आणि क्लॅरिसपर्यंत जाताना आकडा चांगलाच फुगतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून सायकलींवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला, तेवढाच दिलासा. हा कर कमी व्हायलाच हवा होता. शिक्षकाच्या, कारकुनाच्या, वाणसामानाच्या दुकानात काम करणाऱ्या मुलाच्या आवाक्यात चांगली सायकल असावी, असं मला मनापासून वाटतं.

सात की आठ, या प्रश्नावर मी बरेच दिवस घालवले आणि शेवटी तो बाजूला ठेवला. घाटात राहणाऱ्या माणसानं चकत्या किती आहेत हे नंतर बघावं, त्यांतली सगळ्यात मोठी केवढी आहे हे आधी बघावं. पुढे ३४ दात्यांची आणि मागे ३२ दात्यांची चकती असेल, तर पायडलच्या एका फेऱ्यात सायकल सव्वादोन मीटरच्या आसपास सरकते. तेच पुढे ५० आणि मागे ११ ठेवलं, तर एका फेऱ्यात साडेनऊ मीटर. सपाटीवर, वारा पाठीशी असताना दुसऱ्या आकड्याची ऐट आहे. पण वाईतून बाहेर पडणारे रस्ते थोड्याच वेळात डोंगराला भिडतात, आणि तिथं माझ्यासारखीचं भलं पहिला आकडा करतो. मागची मोठी चकती २८ चीच असलेल्या दोन देखण्या सायकली मी याच कारणानं नाकारल्या. विकणाऱ्या मुलाला ते पटलं नाही. "ताई, पाय तयार होतात हळूहळू," असं तो म्हणत राहिला. पाय तयार होतात हे खरंच, पण ते होईपर्यंत गुडघे शाबूत राहायला हवेत.

टायरच्या बाबतीतही माझा हट्ट होता. चित्रातल्या रोड बाइकना सुरीच्या पात्यासारखे टायर असतात. जिथं रस्ता धुतल्यासारखा असतो तिथं ते शोभतात. आमच्याकडे रस्त्याच्या कडेला बोरी-बाभळी आहेत आणि काटा उन्हात वाळला की खिळ्यासारखा होतो. कारखान्याचा हंगाम सुरू झाला की उसाच्या ट्रॉल्या धावतात, मागे पाचट सांडत जातात, आणि सकाळच्या दवानं ते ओलं झालं की चाक घसरतं. प्रत्येक गावाच्या तोंडाशी रम्बलर असतात. २५ मिलिमीटरच्या टायरवरून ते ओलांडताना दातांपर्यंत हादरा पोचतो. म्हणून किमान २८ मिलिमीटर, आणि फ्रेममध्ये ३२ बसेल एवढी जागा हवी, असं मी ठरवलं. रुंद टायरमध्ये हवा कमी भरली तरी चालते, आणि खड्ड्याच्या काठावर ट्यूब चिमटून फुटण्याचा धोकाही कमी होतो. डिस्क ब्रेक की रिमचे, यावर मात्र माझं मत सौम्य आहे. पावसात घाट उतरायचा तर केबलवर चालणारी साधी डिस्क मनाला धीर देते. रिमचे ब्रेक कुठल्याही गावात दुरुस्त होतात. ज्याला जे परवडेल ते त्यानं घ्यावं.

सगळ्यात जास्त वेळ लागला तो फ्रेमला. माझ्या उंचीची फ्रेम बहुतेक दुकानांत नसतेच. असते ती एक माप मोठी, आणि सीट खाली करून "बघा, बसली की नाही" असं सांगितलं जातं. सीट खाली येते, पण हँडल जवळ येत नाही. रोड बाइकवर माणूस पुढं झुकून बसतो. हात ब्रेकच्या मुठींवर टेकलेले, कोपरं किंचित वाकलेली, पाठ लांब, खांदे सैल. फ्रेम लांब पडली की कोपरं ताठ होतात, सगळा भार तळहातांवर येतो आणि अर्ध्या तासात करंगळी बधिर होते, कारण तिची नस तळहाताच्या तिच्याच बाजूच्या कडेनं जाते. हे वाचून कळत नाही. त्यासाठी प्रत्येक सायकलीवर बसून, दुकानासमोरच्या गल्लीत चकरा मारून बघावं लागतं.

एका दुकानात, कोपऱ्यात, भिंतीकडे तोंड करून एक करडी सायकल उभी होती. ॲल्युमिनियमची फ्रेम, पुढचा फोर्क कार्बनचा, गिअर क्लॅरिसचे, फ्रेमचं माप सगळ्यात लहान. रंग कुणाला आवडत नव्हता म्हणून मागच्या वर्षीची तशीच राहिली होती आणि थोडी उतरली होती. बसले तर पाठ आपसूक लांब झाली. फक्त ब्रेकची तरफ बोटांना पुरत नव्हती. दुकानातला मेकॅनिक वयस्क होता, आतापर्यंत काही बोलला नव्हता. तो उठला, बारीकसा षट्कोनी पान्हा घेऊन मुठीजवळचा एक स्क्रू फिरवला आणि तरफ आत आली. पुन्हा बसले. दोन बोटांत ब्रेक मावला. लहान हातांच्या माणसासाठी हा स्क्रू कारखान्यातूनच दिलेला असतो. तो विचारून फिरवून घ्यायचा असतो एवढंच.

तीच घरी आणल्यावर पहिली हवा भरायला मी नेहमीच्या मामांकडे गेले. बाजारपेठेतल्या त्यांच्या टपरीत आमच्या घरातल्या तीन पिढ्यांच्या सायकलींचे पंक्चर निघाले आहेत. त्यांनी सायकलीभोवती एक फेरी मारली, चाक उचलून फिरवलं, एक डोळा मिटून रिमकडे बघितलं. "आऊट अजिबात नाही बघा, बाई," म्हणाले. मग पंपाची नळी घेऊन वाकले आणि थबकले. "हितं वॉलट्यूब कुठाय?" रोड बाइकचा व्हॉल्व्ह काडीसारखा बारीक असतो, प्रेस्टा म्हणतात त्याला. डोक्यावरची इवलीशी पितळी चकती सैल करून दाबली की हवा जाते-येते. त्यावर बसवायची पितळी टोपी मी पुण्याहून आणली होती. ती लावल्यावर त्यांचा पंप चालला. माझ्या वजनाला ६५-७० पौंड पुरतात हे सांगितल्यावर त्यांनी अंगठ्यानं टायर दाबून बघितलं आणि अंगठ्यालाही ते पटल्याचं तोंडावर दिसलं.

मागच्या गिअरचा हात फ्रेमला ज्या तुकड्यानं जोडलेला असतो तो हँगर मी त्यांना दाखवला. तो मुद्दाम मऊ धातूचा करतात. सायकल उजव्या अंगावर पडली की तो वाकतो किंवा तुटतो आणि फ्रेम वाचते. "म्हणजे हा आपण मरून घराला वाचवणारा," असं म्हणून मामांनी तो बोटानं हळूच चाचपला. फ्रेमगणिक त्याचा आकार बदलतो, म्हणून सायकल घेतानाच एक जादा हँगर विकत घेऊन ठेवावा. सगळ्या बजेटात दोन-तीन हजार अशा गोष्टींसाठी राखावेत : हेल्मेट, दोन ट्यूब, टायर काढायच्या प्लॅस्टिकच्या पट्ट्या, छोटा पंप, मागचा लाल दिवा. बूट जखडणारी पायडलं नवख्यानं लगेच घेऊ नयेत. साधी सपाट पायडलं कितीही वर्षं चालतात.

मग रस्ता. वाई ते सुरूर फाटा हे दहाएक किलोमीटरचं अंतर मी आयुष्यभर एसटीनं आणि स्कूटरनं केलं आहे, आणि तो रस्ता सपाट आहे अशी माझी खात्री होती. सायकलीवर पहिल्याच सकाळी कळलं की तो सपाट नाही. कडेच्या जुन्या वडांखालून जाताना कुठं तो श्वास घेतल्यासारखा वर येतो, कुठं ओढ्याकडे उतरतो. इंजिनानं झाकून ठेवलेली जमीन पायांखाली उघडी पडत होती. एक चकती वर, एक चकती खाली, बोटांच्या टोकाशी होणारा तो खटका म्हणजे जमिनीला दिलेला हुंकार असतो. ब्रेकची तरफच आतल्या बाजूला ढकलली की चेन मोठ्या चकतीवर चढते, मागची छोटी तरफ दाबली की उतरते. हात हँडलवरून हलवावा लागत नाही. हा सगळा मेळ मला या सायकलीची खरी किंमत वाटतो.

पसरणीचा घाट मी लगेच केला नाही. शाहीर साबळ्यांच्या पसरणी गावापासून रस्ता डोंगराच्या कुशीत शिरतो. वाई समुद्रसपाटीपासून सातशे मीटरच्या जरा वर, पाचगणी जवळजवळ तेराशे, आणि मध्ये बारा-तेरा किलोमीटर. फार उभा चढ नाही, पण तो संपत नाही. शेवटी गेले तेव्हा तिथं पहिल्यांदा ३४ आणि ३२ ची जोडी लागली आणि मी मिनिटाला साठ-पासष्ट फेऱ्यांच्या संथ लयीत वर जायला लागले. वेग इतका कमी होता की कठड्यावरची माकडं बाजूला सरत नव्हती. एका वळणावर खाली कृष्णा दिसते, पलीकडे पांडवगड, मध्ये उसाचे आणि हळदीचे चौकोन. गाडीतून हे दृश्य अंगावर एकदम येतं आणि निघून जातं. सायकलीवर ते वळणागणिक थोडं थोडं वाढतं, आणि दर वेळी आपलं घर जरा अजून लहान दिसतं. वरून उतरताना हात खालच्या वाकलेल्या दांड्यात घालावे. तिथून ब्रेकवर बोटांची पकड जास्त बसते आणि अंग रस्त्याजवळ राहतं.

आता मनात २०० किलोमीटरची ब्रेव्हे आहे. पॅरिसच्या ऑडॅक्स क्लबच्या नियमांनी जगभर होणाऱ्या या फेरीत साडेतेरा तासांत अंतर पुरं करायचं असतं. पहिला-दुसरा क्रमांक नसतो, आणि सायकल कितीची आहे हे कुणी विचारत नाही. डोक्यावर दिवा, खिशात चिक्की, आणि आपल्या चालीनं जायचं. हे मला फार सुंदर वाटतं. महाराष्ट्रात अशा फेऱ्या बऱ्याच शहरांत निघतात.

माझ्या वर्गातून दहावी होऊन गेलेली एक मुलगी हल्ली सकाळी माझ्याबरोबर साध्या सायकलीवर येते. चढावर ती माझ्या पुढे असते. तिला रोड बाइक हवी आहे आणि तिच्याकडे पंधरा हजार जमले आहेत. एवढ्यात नवी चांगली मिळत नाही, म्हणून आम्ही जुनी शोधतो आहोत. जोडाच्या जागी फ्रेमला तडा आहे का, रंगाखाली सुरकुती आहे का, हे उजेडात बघायचं. चेन किती ताणली आहे ते गेजनं मोजायचं. चाक फिरवून आऊट बघायचा. रिमचे ब्रेक असतील तर रिमच्या कडेवर बोट फिरवायचं, खोलगट लागली तर रिम झिजली समजायचं. गेल्या रविवारी साताऱ्यात एक बघितली. घासाघीस केल्यावर मालक चौदा हजारांवर आला, सामान उत्तम, चेन नवी. ती चढून बसली आणि हँडलला धरताना तिची कोपरं सरळ काठीसारखी झाली. तिनं माझ्याकडे बघितलं, मी तिच्याकडे बघितलं. मालक म्हणाला, सीट थोडी पुढं घेऊ. तिनंच खाली उतरून सायकल स्टँडला लावली आणि म्हणाली, "काका, सायकल छान आहे. माझ्या मापाची नाही." पुढच्या रविवारी कोरेगावला एक आहे म्हणतात.