हार्टलपूल येथील मुंबईचें जहाज

इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावरील हार्टलपूल या गांवीं आम्ही गेलों, तें एका मुंबईकर जहाजाच्या दर्शनासाठीं. ‘ट्रिंकोमाली’ हें त्याचें नांव. मुंबईच्या गोदींत जमशेटजी बोमनजी वाडिया यांच्या देखरेखीखालीं हें सागवानी लढाऊ जहाज बांधलें गेलें, व १२ ऑक्टोबर १८१७ रोजीं पाण्यांत उतरलें. त्याचे नकाशे प्रथम ‘जावा’ जहाजावरून धाडले होते. परंतु डिसेंबर १८१२ मध्यें ब्राझीलच्या किनाऱ्याजवळ अमेरिकन जहाजाशीं झालेल्या लढाईंत ‘जावा’ नष्ट झालें आणि नकाशेहि गेले. दुसरी प्रत मुंबईस आली, तेव्हां कोठें काम सुरू झालें. आज दोनशें वर्षें उलटून गेलीं, तरी जहाज हार्टलपूलच्या गोदींत तरंगत आहे.

जहाजाच्या डेकवर आम्हांस दोन गृहस्थ भेटले. एक सत्तरी उलटलेले, दुसरा तरुण. दोघेहि याच जहाजाची लांकडी प्रतिकृति आपापल्या घरीं छंद म्हणून बांधीत होते. प्रमाण अठ्ठेचाळिसास एक. म्हणजे दीडशें फूट लांबीचा डेक तीन फुटांहून किंचित् अधिक जागेंत बसवावयाचा!

तरुणाची अडचण अशी कीं, फासळ्यांवर फळ्या बसवितांना नाळेपाशीं त्यांची दाटी होई व त्या एकमेकींवर चढत. वृद्ध गृहस्थांनीं खिशांतून कागदाची पट्टी काढली. “मध्यभागीं जहाजाचा घेर मोठा, नाळेकडे लहान, फळ्यांची संख्या मात्र तीच. तेव्हां प्रत्येक फासळीचा घेर पट्टीनें मोज, फळ्यांच्या संख्येनें भाग, आणि येईल तितकीच रुंदी त्या ठिकाणीं ठेवून फळी तास. मग ती गरम पाण्यांत भिजवून वांकव.”

सांगतांना त्यांचे हात कांपत होते. दोरशिड्यांच्या शेंकडों बारीक गांठी त्यांना आतां बांधवत नाहींत. त्या हा तरुण दर रविवारीं येऊन बांधून देतो, असें कळलें. ज्ञान एकाचें, बोटें दुसऱ्याचीं, आणि उपकाराची भाषा कोणाच्याच तोंडीं नाहीं!

आम्ही मुंबईचे, हें ऐकतांच वृद्धांचा चेहरा उजळला. “मग तुमच्याकडे हें जहाज पुष्कळांनीं बांधलें असेल?” त्यांनीं विचारलें. आम्हांस उत्तर सुचेना. ज्या गोदीच्या भिंतीलगत आम्ही हजारदां गेलों, तिच्या आंत काय घडलें होतें हें जाणण्यास आम्हांस समुद्रापलीकडे यावें लागलें! आम्ही खरें तेंच सांगितलें. ते हंसले नाहींत. ती पट्टी त्यांनीं आमच्या हातीं ठेवली व आपल्या नकाशाची प्रत पाठविण्याचें कबूल केलें. “पहिली बुडाली, दुसरी पोंचली; ही तिसरीहि पोंचेल,” ते म्हणाले.

गेल्या महिन्यांत ती पोंचली. यंदाच्या सुटींत मुलांना घेऊन पहिली फळी तासण्याचा आमचा बेत आहे. चुका होतीलच, परंतु विचारावयाचें कोणास, हें आतां ठाऊक आहे.