नाव खोडले, हुकूम उरला

१९९१ साली ‘परम’ महासंगणक ज्या पुण्यात जन्मला, तिथेच एका कचेरीचा सर्व्हर मी सांभाळतो. रात्री दोनला हिशेब, तीनला नकला, अशी कामे ‘क्रॉन’ नावाच्या कारकुनाला नेमून द्यावीत आणि खुशाल झोपावे! पण नेमण्याचा हक्क कुणाला? ‘क्रॉन डॉट अलाउ’ ही यादी ठेवली, की तिच्यात नाव असेल त्यालाच.

परवा एक सहकारी निवृत्त झाले. “नाव खोडलेत ना?” साहेबांनी विचारले.

“खोडले. पण यादी नवा हुकूम अडवते, साहेब. जुना चालूच राहतो.”

अहो, माणूस घरी नातवंडे खेळवीत असतो आणि त्याचा हुकूम इकडे रात्री दोनला कामावर हजर! म्हणून निरोपाचा हार पडला, की त्याच संध्याकाळी मी त्यांची नेमलेली कामे काढून बसतो. कुठले पुसायचे, कुठले दुसऱ्याच्या नावे करायचे, ते ठरवूनच घरी जातो.