हौसेला मोल नाही

हौसेला मोल नाही, असे आपण सहज म्हणून जातो आणि ते मोल कुणी चुकते केले हे विचारायचे राहून जाते. व्हिक्टोरिया राणीच्या काळातला क्रिकेट खेळणारा इंग्रज बॅरिस्टर पाहिला, की ही म्हण त्याच्यासाठीच घडली असावी असे वाटते. त्याला फीसाठी दावा लावता येत नसे. १८६३च्या केनेडी विरुद्ध ब्राऊन खटल्यात न्यायालयाने तसे स्पष्ट सांगितले. त्याची फी म्हणजे मजुरी नव्हे, अशिलाने खुशीने दिलेली भेट. मैदानातही तो बिनपगारी. हौशी ‘जंटलमेन’ आणि पगारी ‘प्लेयर्स’ यांचे सामने १८०६ ते १९६२ चालले. आणि त्या काळचे नामांकित इंग्रज क्रिकेटपटू डॉ. ग्रेस? ते हौशीच गणले गेले, पण १८९५ साली एका वर्तमानपत्राच्या शिलिंग-निधीतून त्यांना पाच हजार पौंडांहून अधिक मिळाले. म्हणजे पैसा वर्ज्य नव्हता, पगार वर्ज्य होता.

त्याच दशकात पुण्याच्या गोऱ्यांच्या जिमखान्यावर अस्पृश्य गणल्या गेलेल्या जातीतले पालवणकर बाळू महिना चार रुपयांवर खेळपट्टी राखत आणि साहेबांना सरावाची गोलंदाजी टाकत. बॅट त्यांच्या हाती कुणी दिली नाही. पुढे हिंदूंच्या संघात आले, तेव्हाही चहा तंबूबाहेर, मातीच्या भांड्यात. याच बाळूंनी १९११च्या इंग्लंड दौऱ्यात शंभराहून अधिक बळी घेतले. पगार घेणाऱ्याची खेळावरची माया कमी असते, हे त्यांच्याकडे पाहून कोण म्हणेल?

यावर कुणी म्हणेल, बिनपगारी माणूस कुणाचा मिंधा नसतो, म्हणून तो मोठे काही करू शकतो. हा आक्षेप खोटा नाही. अमरावतीचे दादासाहेब खापर्डे बॅरिस्टर नव्हते, वकील होते. पण टिळकांच्या अपिलासाठी १९०८ साली चालती वकिली सोडून विलायतेला गेले आणि पदरमोड करून दोन वर्षे तिथे राहिले. पगारी माणसाला हे जमले नसते. मात्र पदर होता म्हणून मोड करता आली. त्याच अमरावतीजवळच्या भातकुलीच्या खारपाणपट्ट्यात, जिथे विहिरीचे पाणी खारट आणि पीक पावसाच्या हवाली, तिथे हंगाम बुडाला की घरात सगळ्यात आधी पोराच्या हौसेवर गदा येते. तिथे हौसेला मोल असते आणि ते आधीच मोजावे लागते.

इथवर माझे म्हणणे मला पटत होते. पण त्या चार रुपयांचा हिशेब अडतो. ते मिळत नसते, तर बाळूंनी साहेबांना तासन्‌तास गोलंदाजी टाकली असती का, आणि त्या तासांवाचून तो हात तसा वळला असता का? त्या पगाराने त्यांना मैदानाच्या कडेला बांधून ठेवले, हे मी मघाशी म्हणालो असतो. आता वाटते, कदाचित त्यानेच त्यांना मैदानात आणले. आणि तसे असेल, तर जिमखान्याचे उपकार मानावेत की नाही, हे मला सांगता येत नाही.