मैदान कोणाचे?



फुटबॉलशी आपला काय संबंध, असे म्हणाल. पण बर्लिनच्या ‘युनियन’ क्लबची हकिकत ऐका.

पूर्व बर्लिनमधला हा कामगारवस्तीतला क्लब १९६६ सालचा. २००४ साली तिजोरी रिकामी झाली, तेव्हा चाहत्यांनी रक्त दिले आणि त्याचे मिळालेले पैसे क्लबला दिले. पुढे मैदानाच्या पायऱ्या मोडकळीला आल्या. २००८-०९ मध्ये दोन हजारांवर चाहत्यांनी मिळून सुमारे १ लाख ४० हजार तास फुकट राबून पायऱ्या नव्याने बांधल्या, वर छप्पर चढवले. २०११ साली सभासदांनी मैदानाचे शेअरही घेतले. २०१९ साली संघ जर्मनीच्या अव्वल साखळीत पोहोचला.

हे वाचताना मला एक नालाबांध आठवला. माझ्या देखरेखीखाली झालेला तो बांध मोठ्या पावसात फुटला. गावातले एक आजोबा म्हणाले, “साहेब, तुमचा बांध गेला.” ‘तुमचा’ हा शब्द अजून टोचतो. चूक माझीच. गावाला एक पाटी माती टाकायलाही मी बोलावले नव्हते.

तेव्हा मृगापूर्वी आपल्या बांधावर एक फेरी मारा. घळ दिसली तर सगळे मिळून बुजवा. मग तो बांध तुमचा.